थान म्हणजे कफ नव्हे

मंडळी, आजचा विषय 'चिनी वैद्यकातला कफ' असा जाहीर झाला आहे आणि माझी पहिली हरकत त्या शीर्षकालाच आहे. मूळ चिनी शब्द 'थान'. आपण त्याचं भाषांतर सरसकट 'कफ' करतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे कफ हा दोष म्हणवला जात असला तरी प्रमाणात असताना तोच शरीर धरून ठेवतो. सांध्यांना वंगण देतो, अंगाला बळ देतो. थान तसा नाही. निरोगी माणसाच्या अंगात तो असायलाच नको. शरीरातलं चांगलं पाणी जागच्या जागी तुंबून नासलं की त्याचा जो साका होतो, तो थान. आयुर्वेदातच त्याचा नातेवाईक शोधायचा असेल तर माझ्या मते कफाच्या दारात न जाता 'आम' (नीट न पचलेल्या अन्नाचा चिकट मळ) या कल्पनेकडे जावं.

हे पाणी तुंबतं कसं? चिनी वैद्यकातली प्लीहा अन्नपाण्यातून सार काढते आणि वर फुप्फुसांकडे पाठवते. (ही प्लीहा म्हणजे शवविच्छेदनात हाती लागणारा अवयव नव्हे, जवळपास सगळं पचन तिच्याकडे आहे.) फुप्फुसं ते सार अंगभर शिंपडतात आणि उरलेलं खाली उतरवतात. मूत्रपिंडं या सगळ्याला ऊब देतात. तेलकट, गोड, थंडगार खाणं, सततची चिंता, बैठं काम यांनी प्लीहा थकली की आधी ओलावा साचतो. तो जमून पातळ राहिला तर 'यिन' (हा यिन-यांगमधला यिन नव्हे, अक्षर वेगळं आहे) आणि दाट झाला तर थान. उसाचा रस आटवून काकवी होते, तशी शरीरातली उष्णता ओलावा आटवते आणि थान चिकट, पिवळा होतो. म्हणूनच तिथे म्हणतात की थान जन्मतो प्लीहेत आणि साठतो फुप्फुसात. खोकल्यातून पडतो तो गोदामातला माल. कारखाना खाली पोटात चालूच असतो. नुसतं कफ पाडणारं औषध देत राहिलं की महिनोन् महिने खोकला का हटत नाही, याचं त्यांचं उत्तर हे आहे.

आता खरी गंमत. डोळ्यांना दिसणारा, थुंकीतून पडणारा थान हा या कुटुंबातला एकच भाऊ. दुसरा दिसत नाही. कातडीखालची मऊ गाठ, गरगरणं, हातापायांचा बधिरपणा, छातीतली धडधड, इतकंच काय वेड लागणं, यांतही वैद्य थान पाहतात. ओळखायचा कशावरून? जिभेवरचा बुळबुळीत, खरवडून न निघणारा थर आणि बोटांखालून ताटातले मोती घरंगळावेत तशी निसटती नाडी. नाडी मात्र एकटी पुरावा नव्हे, गरोदरपणात ती तशीच लागते.

वेड आणि थान यांचं नातं चीनमध्ये शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं ते फान जिनमुळे. अठराव्या शतकातल्या एका कादंबरीतला हा विद्यार्थी पन्नाशी उलटेपर्यंत परीक्षांत नापास होत राहिलेला. घरात दाणा नाही, म्हणून तो अंडी देणारी कोंबडी विकायला बाजारात गेला आहे आणि इकडे प्रांताच्या परीक्षेत पास झाल्याची वर्दी येते. शेजारी त्याला ओढत घरी आणतो. तो कागद वाचतो, टाळ्या पिटतो आणि दातखीळ बसून कोसळतो. तोंडावर पाणी मारलं तर उठतो आणि "पास झालो!" ओरडत सुटतो, तो थेट तळ्याच्या चिखलात. वर्दी आणणाऱ्यांपैकी एक जण निदान सांगतो: आनंदाच्या भरात थान वर चढला आणि हृदयाची दारं झाकली गेली. उपाय? तो ज्याला घाबरतो त्याने एक थोबाडीत द्यावी आणि म्हणावं, पास झालाच नाहीस. घाबरला की थान ओकेल आणि शुद्धीवर येईल. घाबरायचं तर सासऱ्याला. सासरा खाटीक, पण आता जावई पडला मोठा माणूस, हात उचलायचा कसा! दोन वाडगे दारू पोटात गेल्यावर हात उठतो. फान जिन बेशुद्ध पडतो, शेजारी छाती चोळतात, पाठ थोपटतात, आणि तो शुद्धीवर येतो.

वाचक हसतो, पण या थोबाडीत शास्त्र आहे. अति आनंदाने 'छी' सैल पडते, भीतीने ती खाली उतरते. (छी म्हणजे शरीरात चालना देणारी शक्ती, आपल्या नाक मुरडण्याशी संबंध नाही.) छी उतरली, तिच्याबरोबर थान उतरला. चौदाव्या शतकातले वैद्य जू दान्शी यांच्या परंपरेने हेच सूत्र मांडलं: थानाचा खरा जाणकार थानावर उपचार करत नाही, छीवर करतो.

वेळ संपत आला आहे आणि उपचार सांगायचं कबूल केलं होतं, तर भरभर सांगतो. सुंग राजवटीतला 'अरछन थांग' हा पायाचा काढा. 'अरछन' म्हणजे दोन जुनी द्रव्यं: बानश्या नावाचा कंद आणि संत्र्याची जुनी साल. मूळ प्रमाण बानश्या ५ भाग, साल ५, फूलिंग नावाची बुरशी ३, भाजलेला ज्येष्ठमध दीड. वर आल्याचे ७ काप आणि १ आंबट चिनी आलुबुखार (ऊमेई). बानश्या ओलावा सुकवतो, साल छी हलवते, फूलिंग पाणी लघवीवाटे काढते, ज्येष्ठमध प्लीहा सावरतो. साल किमान ३ वर्षं मुरलेली हवी. ताजी साल तिखट आणि उग्र.

बानश्या हा अळू-सुरणाच्या कुळातला कंद, खाजही तशीच. कच्चा पोटात गेला तर जीभ-घसा सुजतो, कारण त्यात सुईसारखे स्फटिक असतात. अळूला आपण चिंच घालतो, तिथे तुरटीच्या पाण्यात भिजवून, आल्याबरोबर शिजवतात. बचनागाबरोबर तो परंपरेने वर्ज्य. घरी प्रयोग नको.

अ‍ॅक्युपंक्चरच्या सुईसाठी बिंदू फंगलोंग: गुडघा आणि बाहेरचा घोटा यांच्या बरोबर मध्यावर, नडगीच्या धारेपासून दोन बोटं बाहेर.

सर्वांत मोठी चूक म्हणजे हा अरछन काढा कोरड्या थानाला देणं. थुंकी कमी, चिवट, महत्प्रयासाने सुटणारी, घसा सुका. तिथे सुकवणारं औषध दिलं की ती आणखी चिकटते. तिथे ओलावा देणारी द्रव्यं लागतात.

शेवटचं, घशातला गोळा. गिळला जात नाही, खाकरून निघत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातले वैद्य जांग जोंगजिंग यांच्या ग्रंथात 'घशात भाजलेल्या मांसाचा तुकडा' असं वर्णन आहे आणि बानश्या आणि हौफो (एका झाडाची साल) यांचा काढा दिला आहे: ७ मापं पाणी आटवून ४, त्याचे चार डोस, तीन दिवसा आणि एक रात्री. इथेही मुख्य काम छी उतरवण्याचं. मात्र या गोळ्यात घास अडत नाही. घास अडू लागला, वजन उतरू लागलं किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर काढा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडून घसा तपासून घ्या.