वादळानंतरचे पाणी

अध्यक्ष महोदय आणि मंडळाच्या सभासद भगिनी-बंधूंनो,

नागपूरहून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही चक्रीवादळातील मदतकार्यावर बोलण्यासाठी आपण मला बोलावले, ते ‘फनी’ वादळानंतर, म्हणजे मे २०१९ मध्ये, आम्ही सहा जण ओडिशातील पुरी जिल्ह्यात तीन आठवडे राहून आलो म्हणून. मी वीज कंपनीत लाइनमन म्हणून लागलो आणि पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे माझे बोलणे बहुतेक खांब, तारा आणि पाणी यांच्याभोवतीच फिरेल, याची पूर्वकल्पना देऊन ठेवतो.

अटलांटिक महासागरात ज्याला हरिकेन म्हणतात, तेच बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ म्हणून ओळखले जाते. ओडिशाने त्याचे सर्वांत भयंकर रूप २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पाहिले. त्या दिवशी जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा भागात समुद्राचे पाणी पाच-सहा मीटर उंचीने आत घुसले आणि राज्यात सुमारे दहा हजार माणसे दगावली. ओडिशाने त्याच वर्षी आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले, पुढे किनाऱ्यावर शेकडो निवारे बांधले आणि गावोगावच्या तरुणांना इशारा घरोघरी पोहोचवण्याचे शिक्षण दिले. त्याचे फळ असे, की ३ मे २०१९ रोजी सकाळी पुरीजवळ फनी धडकले तेव्हा सुमारे बारा लाख लोक आधीच हलवलेले होते आणि मृतांचा आकडा ६४ वर थांबला. तोही लहान नाही. पण या दोन आकड्यांमधील अंतर हे वीस वर्षांच्या शिस्तबद्ध कामाचे आहे, आणि त्या कामापुढे मी मनापासून नतमस्तक होतो.

आम्ही पोहोचलो तेव्हा माणसे वाचलेली होती आणि त्यांचे जगणे मात्र थांबलेले होते. वाऱ्याने विजेचे लाखाहून अधिक खांब पाडले होते. वीज गेली म्हणजे दिवे गेले, एवढेच आपल्या मनात येते. प्रत्यक्षात वीज गेल्यावर विंधन विहिरीवरचा पंप बंद पडतो, गावची टाकी कोरडी होते, मोबाइलचा मनोरा मुका होतो आणि बँकेत पैसे असूनही ते हाती येत नाहीत. तळ्यांमध्ये उन्मळलेली झाडे आणि पालापाचोळा कुजून पाण्याला वास सुटला होता. मे महिन्याच्या त्या दमट उकाड्यात गावातील बायका दोन कळशांसाठी अर्धा दिवस रांगेत उभ्या राहत होत्या.

आमची मोठी चूक मला येथे सांगितलीच पाहिजे. आम्ही नागपूरहून दोन जनरेटर नेले होते, आणि ज्या गावी उतरलो तेथील पंप थ्री-फेजवर चालणारा होता. आमचे जनरेटर सिंगल-फेजचे, म्हणजे त्यांवर तो पंप चालणारच नव्हता. निघण्यापूर्वी एक फोन करून विचारले असते, तर हे कळले असते. आयुष्यभर याच कामात असलेल्या माझ्याकडून ही चौकशी राहून गेली, याची खंत मला आजही वाटते. त्या यंत्रांवर आम्ही मोबाइल चार्ज करून दिले. तेही उपयोगी पडले, पण पाणी काही आले नाही.

पाणी आणले ते आमच्यातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या सोबत्याने. तो उमरेडकडचा हातपंप दुरुस्त करणारा कारागीर. टाकी आणि नळ आल्यापासून गावातले जुने हातपंप कोणी हलवून पाहिले नव्हते. बहुतेकांच्या सिलिंडरमधले वायसर झिजले होते, एका पंपाची साखळी तुटली होती. त्याने गावच्या चार तरुणांना हाताशी घेतले, पाइप वर ओढले, वायसर बदलले आणि नऊ दिवसांत अकरा हातपंप सुरू केले. पहिल्या पंपाला पाणी लागले तेव्हा एका म्हातारीने त्याच्या डोक्यावर ओला हात ठेवला. ओडियातही मावशीला माउसी म्हणतात. त्या दिवसापासून आम्हा सर्वांसाठी ती माउसीच झाली.

जुन्या कपड्यांविषयी थोडेच बोलतो. ते ट्रक भरून येतात, शाळेच्या खोलीत ढीग पडतो आणि शाळा अडून बसते. त्यापेक्षा ताडपत्री, नायलॉनचा दोर आणि पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या हजार पटींनी बऱ्या.

मदतीचे ट्रक ओसरू लागले तेव्हा पानमळ्यांचे दुःख आम्हाला दिसले. रामटेकचे पानमळे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे लगेच कळेल. पानवेलीला ऊन आणि वारा दोन्ही सोसत नाहीत, म्हणून बांबू आणि गवताचा मांडव घालून तिला लेकरासारखे सांभाळावे लागते. ते मांडव भुईसपाट झाले होते. नव्या वेलीची पाने खुडायला येईपर्यंत कित्येक महिने जातात, आणि नव्या नारळाला फळ धरायला पाच ते सात वर्षे लागतात. तेवढा काळ ते कुटुंब काय खाणार, हा प्रश्न धान्याच्या पाकिटाने सुटत नाही. मांडवासाठी बांबू आणि लावणीसाठी बेणे मिळाले तरच तो सुटू लागतो.

२०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी रात्रीतून घरांत शिरले, तेव्हा मला पुरीची फार आठवण झाली. दुसऱ्या दिवशी डागा ले-आउटमधल्या एका ओळखीच्या घरी गेलो, तर ओट्यावर खाण्याची पाकिटे होती आणि मीटरच्या पेटीत चिखल. त्या घराला त्या वेळी हवा होता तो पेटी उघडून, तपासून, वीज सुरू करणे सुरक्षित आहे की नाही हे सांगणारा माणूस.

आपत्तीत काम करणाऱ्यांना शिकवणारी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी आपल्याच शहरात आहे, राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयही येथेच आहे. माझी मंडळाला विनंती अशी, की निधी गोळा करण्याआधी आपण वीजतंत्री, हातपंप कारागीर, प्लंबर, सुतार आणि परिचारिका यांची एक नोंदवही करावी, प्रत्येकाला वर्षातून किती दिवस देता येतील ते तिच्यात लिहावे, आणि जेथे जायचे तेथे काय तुटले आहे हे निघण्यापूर्वी विचारून घेण्याचे काम एका सभासदावर सोपवावे. वही मी आणली आहे. उमरेडच्या त्या कारागिराने पहिल्या पानावर आपल्या नावापुढे वीस दिवस लिहिले आहेत. त्याखालची ओळ माझी आहे.