पॅकहाउसच्या कुंपणाबाहेर

(दृश्य: सांगोला तालुका, सकाळ. डाळिंबाच्या ओळींमधून जाणारा ट्रॅक्टर, मागे ब्लोअर.)

सांगोल्याच्या माळावर फवारणी ऊन चढायच्या आत उरकावी लागते. वारा सुटला की औषध झाडावर कमी आणि चालवणाऱ्याच्या अंगावर जास्त बसतं. ट्रॅक्टरवरच्या गड्यानं तोंडाला टॉवेल गुंडाळलाय. मास्क घरी आहे. इथल्या उकाड्यात तासभर मास्क लावून बघा, मग तो घरी का राहतो ते कळेल.

(दृश्य: पॅकहाउस. ग्रेडिंगचा पट्टा, क्रेटची थप्पी.)

याच डाळिंबासाठी शेतकरी कंपन्यांची, म्हणजे शेतकरीच सभासद असलेल्या कंपन्यांची, पॅकहाउस उभी राहतात. पॅकहाउस म्हणजे फळ निवडून भरायची शेड. वजनावर फळ वेगळं करणारं यंत्र, शीतखोली, वजनकाटा. राज्यात अशा कामांना पैसा पुरवणारे दोन मोठे प्रकल्प आहेत. पहिला ‘स्मार्ट’, म्हणजे बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्प. त्याच्यामागे जागतिक बँकेचं २१ कोटी डॉलरचं कर्ज आहे. दुसरा ‘मॅग्नेट’, म्हणजे महाराष्ट्र अ‍ॅग्रिबिझनेस नेटवर्क. त्याला आशियाई विकास बँकेचे १० कोटी डॉलर, आणि त्याच्या पिकांच्या यादीत डाळिंब आहे. आपण याला मदत म्हणतो. शेतकऱ्याच्या हाती ती अनुदान म्हणून पडतेही. पण सरकारच्या वहीत ते कर्ज आहे, आणि कर्ज देणारा अटी घालतो.

त्या अटींतला एक गठ्ठा पर्यावरण आणि समाजाच्या नावाचा. प्रकल्पानं कोणाचं पाणी, जमीन, आरोग्य किंवा रोजगार बिघडवू नये, यासाठीचा. फाइलीत तो प्रकल्प अहवालाच्या मागे टाचलेला असतो. कोटेशन सीए बघतो, नकाशा अभियंता बघतो. हा गठ्ठा सल्लागार भरतो, आणि कधीकधी शेजारच्या तालुक्यातली फाइल समोर ठेवून भरतो.

(दृश्य: नर्मदेचा काठ, सातपुड्याचे डोंगर.)

हे नियम जागतिक बँकेला आपणहून सुचलेले नाहीत. त्यातले बरेचसे आपल्याच राज्याच्या वरच्या टोकाकडून, धडगाव-अक्राणीच्या डोंगरांतून तिच्यापर्यंत पोचले. सरदार सरोवराला जागतिक बँकेनं १९८५ मध्ये कर्ज मंजूर केलं. बुडणारी गावं उठली, तेव्हा बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या त्या समितीनं १९९२ मध्ये पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत कडक ठपका ठेवला. मार्च १९९३ मध्ये उरलेलं कर्ज नको, असं भारतानं कळवलं. त्याच वर्षी लोकांच्या तक्रारी ऐकायला बँकेनं तपासणी मंडळ स्थापन केलं. या नियमांची बँकेची आजची चौकट १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे. तिच्यात दहा मानकं आहेत. उजनीच्या फुगवट्यात गावं गेलेल्या करमाळ्याला त्यांची गरज वेगळी समजावून द्यायला नको.

(दृश्य: पॅकहाउसच्या मागची नाली. एक हात तपासणीच्या तक्त्यावर खुणा करतोय.)

पॅकहाउसपुरती तपासणी सोपी असते. धुण्याचं पाणी कुठं जातं? आग विझवायचं नळकांडं आहे का? बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह? हो, नाही, हो. फोटो काढला की झालं. हेही हवंच. पण शेड उभी राहिली की तिला माल लागतो, मालासाठी बाग वाढते, आणि बागेचं पाणी शेडच्या कुंपणात सापडत नाही.

(दृश्य: ड्रोनमधून सांगोला-मंगळवेढा पट्टा. बागांमध्ये चमकणारी शेततळी.)

सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. डाळिंब इथं रुजलं ते म्हणूनच. हलकी मुरमाड जमीन, बेताचं पाणी, पाणी तोडून, ताण देऊन धरलेला बहार. सोलापूरजवळच्या केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं. ठिबकनं झाडामागचं पाणी वाचवलं, यात शंका नाही. वाचलेलं पाणी मात्र जमिनीत राहिलं नाही, त्यावर पुढचा एकर लागला. अहवालात ‘पाण्याचा कार्यक्षम वापर वाढला’ असं लिहिलेलं असतं. ते खरं आहे. बोअर खोल गेले, हेही खरं आहे.

शेततळ्यांचंही तसंच. २०१६ मध्ये राज्यानं ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवावं, हा हेतू. फळबागांच्या पट्ट्यात तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरला गेला आणि तळं बोअरच्या पाण्यानं भरायला लागलं. पावसाळ्यानंतर उपसायचं, साठवायचं, एप्रिल-मेमध्ये बाग जगवायची. शेतकऱ्याला दोष द्यावा तर तो सरळ विचारेल, मी नाही उपसलं तर बांधापलीकडचा उपसणार नाही का? त्याचं गणित चुकलेलं नाही. पण पारा चाळीसच्या वर जाणाऱ्या जिल्ह्यात खडकातलं पाणी वर आणून उन्हात उघडं ठेवायचं, याला जलसंधारण म्हणवत नाही. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या खालच्या विहिरीवर बंधनं आहेत. बोअरची गाडी कुठल्याही शिवारात उभी असली की तिच्या शेजारी थांबा आणि किती सळ्या खाली जातात ते मोजा.

म्हणून प्रश्न वेळेवर विचारायला हवा. शेडचा पाया भरल्यावर नव्हे, सभासदांच्या बागांची यादी होते तेव्हा. बोअर किती, त्यांतले चालू किती, मार्चमध्ये पाणी किती फुटांवर असतं? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. जवळच्या विहिरीच्या नोंदी प्रकल्प अहवालाला जोडणं काही अवघड काम नाही. त्या जोडल्या आणि पाणी खाली जाताना दिसलं, तर अनुदानाचा आकार, जागा किंवा पीक बदलायला अजून वाव असतो. पाया भरल्यावर फक्त ‘उपाययोजना’ नावाचा रकाना भरता येतो. त्यात झाडं लावू, असं लिहितात.

(दृश्य: औषधाचे डबे. कॅमेरा त्रिकोणावर.)

आता पुन्हा त्या टॉवेलकडे. डाळिंबाचा वैरी तेल्या. हा जिवाणूजन्य रोग ओलसर हवेत, पावसाच्या थेंबांबरोबर बागभर फिरतो. मृग बहार, म्हणजे पावसाच्या सुरुवातीचा बहार, धरला की फळं भर पावसाळ्यात सापडतात, मग मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण, तांबंयुक्त औषधं, वर प्रतिजैविकं, शिवाय किडींचं वेगळं. कीटकनाशकाच्या डब्यावर त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल सगळ्यांत विषारी. बँकेच्या मानकांचा आग्रह असा की, घातक औषध प्रशिक्षण आणि साधनं नसलेल्या माणसाच्या हाती जाऊ नये. यात एक मोठी पळवाट आहे. औषध प्रकल्प विकत घेत नाही. शेतकरी ते कृषी सेवा केंद्रातून उधारीवर आणतो. त्यामुळे ‘प्रकल्पातून कीटकनाशक खरेदी होणार का?’ या प्रश्नापुढे प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिता येतं.

२०१७ मध्ये यवतमाळला कापसावर फवारणी करताना शेतकरी आणि मजूर दगावले. तेव्हा फवारणाऱ्याकडे राज्याचं लक्ष गेलं, काही महिन्यांपुरतं. डाळिंबात एक गोष्ट मात्र बरीच सुधारली. युरोपात माल पाठवायचा तर फळातल्या औषधाच्या अंशाची तपासणी करावीच लागते. खेप नाकारली गेली तर पैसे बुडतात, म्हणून निर्यातदार शेतकरी काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची ते तोंडपाठ सांगतो. ग्राहकाच्या तोंडात काय जातं ते मोजायला यंत्रणा उभी राहिली. फवारणाऱ्याच्या अंगात काय गेलं ते बघायला रक्ताची कोलिनएस्टरेज चाचणी असते. काही गटांतल्या कीटकनाशकांचा परिणाम तिच्यात दिसतो. पॅकहाउसच्या अंदाजपत्रकात वजनकाट्यासाठी ओळ आहे, तशी या चाचणीसाठी घालायला कोणी अडवलेलं नाही.

(दृश्य: ग्रेडिंगच्या पट्ट्यापाशी बसलेल्या बायका.)

फळं निवडणारे हात बहुतेक बायकांचे. सातबारावर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं, म्हणून कंपनीचा सभासद तो. सल्लामसलतीची बैठक सकाळी अकराला ग्रामपंचायतीत, तेव्हा या कामावर. हजेरीपटात महिलांच्या सह्या दिसतात त्या बऱ्याचदा बचतगटाच्या अध्यक्षा आणि अंगणवाडीताईंच्या. रोज किती, बसायला सावली आहे का, उशीर झाला तर घरी कसं जायचं, हे यांना विचारायचं तर रात्री आठनंतर वस्तीवर जावं लागेल.

(दृश्य: नान्नजचा गवताळ माळ. काळविटांचा कळप, दूर मेंढरं.)

आणि जागा. शेडला स्वस्त जागा हवी म्हटलं की गावाचं बोट गायरानाकडे जातं. कागदावर ती पडीक, प्रत्यक्षात मेंढपाळांचा चारा आणि लांडगा-काळविटांचं घर. नान्नजच्या माळढोक अभयारण्यानं जिल्ह्याला दुसरी बाजूही दाखवलीय. १९७९ मध्ये ते ८,४९६ चौरस किलोमीटर जाहीर झालं, त्यात खासगी शेतं आणि अख्खी गावं आली. जमीनधारकांनी वर्षानुवर्षं निर्बंध सोसले. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. माळढोक तोवर जवळपास दिसेनासा झाला होता. माणसाला न विचारता आखलेली रेघ पक्ष्यालाही वाचवू शकली नाही. बँकेच्या पाचव्या मानकात एक चांगली गोष्ट आहे. जमिनीवर कायदेशीर हक्क नसला, तरी तिच्यावर पोट असणाऱ्याचं नुकसान मोजावं लागतं. मेंढपाळाच्या नावावर काहीच नसतं. पण जागा ठरवायच्या बैठकीला तो गावात हवा. तो परतीच्या वाटेवर कधी असतो, हे गावात सगळ्यांना माहीत असतं.

(दृश्य: कंपनीच्या कार्यालयाबाहेर तक्रारपेटी.)

तक्रारपेटी सगळीकडे आहे, नियमच आहे तसा. बहुतेक ठिकाणी ती संचालकाच्या खोलीबाहेर, सगळ्यांच्या नजरेसमोर टांगलेली. ज्याच्याकडे उद्या कामाला जायचं, त्याच्याविरुद्ध चिठ्ठी तिथं कोण टाकणार? पेटी दवाखान्यात किंवा रेशन दुकानात ठेवा, शेजारी तालुक्याबाहेरचा फोन नंबर लिहा, फरक पडेल.

प्रकल्प पाच-सात वर्षांत बंद होतो आणि पाहणी करणारे त्याच्याबरोबर जातात. शेड, बोअर आणि बाग राहतात. त्यानंतर पाण्याची पातळी आणि फवारणीची वही कंपनीनंच ठेवायची. तो खर्च क्रेटमागे काही पैसे कापून भागेल. पहिल्या सर्वसाधारण सभेतच तो ठराव मांडावा, कारण नफा वाटून झाल्यावर असले ठराव मंजूर होत नाहीत.