चौथं खोटं

[पडद्यावर: ब्राँझचा एक बूट, अगदी जवळून. मागे पर्यटकांचा गलका.]

हा डावा बूट बघा. बाकी सगळा पुतळा काळपट पडलाय आणि हा एवढा बूट मात्र देवळातल्या घंटेसारखा लखलखतोय. येणारा-जाणारा त्यावर हात फिरवतो, फोटो काढतो. नशीब उघडतं म्हणे. रात्री विद्यार्थी याच बुटाचा काय उपयोग करतात, ते आम्ही सांगणार नाही. फोटो काढून झाला की हात तेवढे धुवा.

हे हार्वर्ड यार्ड. बोस्टनला खेटून असलेल्या केंब्रिज गावातलं अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या विद्यापीठाचं अंगण. पुतळ्याखाली कोरलंय : जॉन हार्वर्ड, संस्थापक, 1638. विद्यार्थी याला ‘तीन थापांचा पुतळा’ म्हणतात. हा चेहरा जॉन हार्वर्डचा नाही. त्याचं एकही चित्र उरलेलं नव्हतं, म्हणून 1884 साली शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी शर्मन होर नावाच्या एका तरुणाला समोर बसवलं. तो संस्थापकही नाही. मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या सभेनं 400 पौंड मंजूर करून कॉलेज काढलं. आणि तेही 1638 ला नव्हे, 1636 ला. बिचारा हार्वर्ड तिशीत क्षयानं गेला. जाताना निम्मी इस्टेट आणि चारशेच्या आसपास पुस्तकं कॉलेजला देऊन गेला, एवढंच त्याचं कर्तृत्व. पण नाव लागलं ते लागलंच.

त्या पुस्तकांचं काय झालं? 1764 च्या जानेवारीत बोस्टनमध्ये देवीची साथ होती, म्हणून वसाहतीची विधानसभा इथल्या हार्वर्ड हॉलमध्ये भरली होती. थंडीचे दिवस, शेकोट्या पेटलेल्या. एका रात्री हॉल जळला आणि त्यासोबत ग्रंथालयही. जॉन हार्वर्डच्या पुस्तकांपैकी एकच वाचलं, कारण ते कुणीतरी वाचायला नेलं होतं आणि परत केलेलं नव्हतं. लायब्ररीचं पुस्तक वेळेवर न देणाऱ्या समस्त मंडळींनी ही गोष्ट पाठ करून ठेवावी.

[पडद्यावर: वायडनर ग्रंथालयाच्या रुंद पायऱ्या. बर्फ.]

आता समोर दिसतंय ते वायडनर. हॅरी वायडनर हा इथलाच विद्यार्थी, जुन्या पुस्तकांचा वेडा. 1912 मध्ये टायटॅनिकवर वडील आणि तो दोघेही बुडाले, आई वाचली. तिनं मुलाच्या नावानं हे ग्रंथालय बांधून दिलं. 1915 मध्ये ते उघडलं. आईनं अट घातली होती म्हणे, की पोहता आल्याशिवाय कुणाला पदवी द्यायची नाही. ही शुद्ध लोणकढी. पण दरवर्षी नवी पोरं येतात, जुनी पोरं सांगतात, आणि थाप पुढच्या वर्गात जाते.

इथून चार पावलांवर, क्विन्सी रस्त्यावर, वॉरन हाउस आहे. हेन्री क्लार्क वॉरन या पाली अभ्यासकाचं घर. बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली बौद्ध ग्रंथाची संहिता सिद्ध करायचं त्याचं काम अर्धं राहिलं आणि 1899 मध्ये तो गेला. ते काम पुरं करायला 1910 साली कोण आलं? गोव्याच्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी. संसार मागे ठेवून ज्ञानासाठी पुणे, काशी, नेपाळ, सिलोन पालथं घातलेला माणूस. पहिल्या खेपेला इथले संस्कृतचे प्रोफेसर लॅनमन यांच्याशी बिनसलं आणि ते परतले, पण काम सुटलं नाही. पुन्हा पुन्हा आले. ग्रंथ छापून निघाला 1950 मध्ये. धर्मानंद 1947 सालीच गेले होते.

1918 च्या खेपेला त्यांनी मुलाला सोबत आणलं. अकरा वर्षांचा दामोदर इथल्याच शाळेत गेला, पुढे हार्वर्डमध्ये शिकला आणि 1929 ला सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला. 1924 पासून तो पुतळा आजच्याच जागी आहे, म्हणजे डी. डी. कोसंबींनी जाता-येता तो पाहिला असणारच. पुढे हाच माणूस हजारो जुनी नाणी तराजूत घालून बसला. नाण्यावर काय उमटवलंय ते पाहायचंच, पण झिजून किती वजन उरलंय, त्यावरून इतिहास मांडायचा. कोरलेल्या अक्षरावर नुसता विश्वास टाकायचा नाही.

[पडद्यावर: रात्र. विटांची इमारत, खिडक्यांत दिवे.]

14, प्लिम्प्टन स्ट्रीट. इथं ‘हार्वर्ड क्रिम्झन’ हे विद्यार्थ्यांचं वृत्तपत्र निघतं. 1873 मध्ये सुरू झालं तेव्हा नाव होतं ‘मॅजेंटा’. 1875 मध्ये कॉलेजचा अधिकृत रंग किरमिजी, म्हणजे क्रिम्झन, ठरला, तसं पेपरनंही नाव बदललं. चालवतात सगळी विद्यार्थीच, विद्यापीठाचा लगाम नाही. आत शिरायचं तर ‘कॉम्प’ करावा लागतो, म्हणजे काही आठवडे उमेदवारी. दिवसा वर्ग आणि रात्री बातम्या. फ्रँकलिन रूझवेल्ट इथं अध्यक्ष होते. पुढे देशाचे झाले, पण क्रम हा असा.

जवळच ‘लँपून’ या विनोदी मासिकाचा किल्ला आहे, शिखरावर तांब्याचा आयबिस पक्षी. दोन्ही पेपरांचं हाडवैर. 1953 मध्ये क्रिम्झनवाल्यांनी तो पक्षी पळवला आणि थेट संयुक्त राष्ट्रांतल्या सोव्हिएत उपप्रतिनिधीला भेट देऊन टाकला, मॉस्को विद्यापीठाच्या शिखरासाठी! ऐन शीतयुद्धात. परत मिळवताना लँपूनच्या नाकी नऊ आले.

सगळंच असं पोरखेळाचं नव्हतं. एप्रिल 1969 मध्ये व्हिएतनाम युद्ध आणि कॉलेजातलं लष्करी प्रशिक्षण यांच्या विरोधात विद्यार्थ्यांनी पुतळ्यामागच्या युनिव्हर्सिटी हॉलचा ताबा घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे पोलिसांनी लाठ्या चालवून हॉल रिकामा केला.

पण क्रिम्झनचं नाव निघालं की लोकांना आठवतं ते त्याच्या आदल्या हिवाळ्याच्या तोंडावरचं. 23 नोव्हेंबर 1968. येल या प्रतिस्पर्धी विद्यापीठाविरुद्ध फुटबॉल, अमेरिकन फुटबॉल, इथले लोक त्याला नुसतं ‘द गेम’ म्हणतात. दोन्ही संघ तोवर अपराजित. शेवटची 42 सेकंदं उरली तेव्हा फलक होता येल 29, हार्वर्ड 13. लोक उठून निघायला लागले. आणि त्या 42 सेकंदांत हार्वर्डनं 16 गुण काढले. 29–29. बरोबरी. नियमांप्रमाणे कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही.

[पडद्यावर: जुनी छपाई, मथळ्याची अक्षरं एकेक करून उमटतात.]

प्लिम्प्टन रस्त्यावरच्या त्या पोरांनी मथळा दिला : ‘हार्वर्डनं येलला हरवलं, 29–29’.

हे चौथं खोटं. आणि येलच्या खेळाडूंना विचाराल, तर त्यांनाही ते खोटं वाटलं नाही.