बाळाला शंट टाकायचाय आणि समोर संशोधनाचं संमतीपत्र आलंय: सही करण्याआधी हे बघा

(हातात कागदांचा गठ्ठा)

नमस्कार मंडळी. हा असा गठ्ठा असतो, पंधरा-वीस पानांचा. बाळाच्या डोक्यात पाणी झालंय, शंट, म्हणजे ते पाणी पोटात नेणारी नळी, टाकायचं ठरलंय. तुम्ही सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरून नाशिकहून मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पोचलात. केसपेपर काढला, नंबर लावला, आणि ओपीडीच्या बाहेर एकजण येऊन म्हणतो, "आमचा एक अभ्यास चालू आहे, तुमच्या बाळाला त्यात घेऊ का?" आजचा व्हिडिओ या गठ्ठ्याबद्दल आहे.

'अभ्यास' म्हटलं की आपल्याला शाळेचा आठवतो. हा वेगळा. काही अभ्यासांत बाळाचे उपचार नेहमीसारखेच होतात, फक्त नोंदी ठेवतात: डोक्याचा घेर, एमआरआय, किती वेळा भरती करावं लागलं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा तपासण्यांसाठी जपून ठेवतात, तोही याच प्रकारात. दुसऱ्या प्रकारात उपचारच दोन असतात आणि कोणाला कोणता हे चिठ्ठी टाकून ठरतं. आपल्याकडे आलेला गठ्ठा यातला कोणता, हा पहिला प्रश्न. पहिल्या प्रकारात जोखीम बहुतेक वेळा थोडी असते, म्हणून आपण दुसऱ्यावर बोलू.

(एक पान उलटून वाचून दाखवत)

"आपल्या पाल्यास यादृच्छिक पद्धतीने दोनपैकी एका गटात नियुक्त करण्यात येईल." असलं मराठी सिन्नरच्या माणसालाही कळत नाही आणि सुरगाण्याच्या तर नाहीच. अर्थ एवढाच की कॉम्प्युटर चिठ्ठी काढणार. डॉक्टर निवडणार नाहीत, तुम्हीही निवडणार नाही. ओळख काढून, विनंती करून गट बदलत नाही. बदलायला लागला तर अभ्यासच बाद होईल, कारण मग जास्त आजारी बाळं एका बाजूला जातील आणि निकाल खोटा येईल.

इथे बरेच आईवडील बिचकतात. "म्हणजे डॉक्टरांना माहीत नाही का काय बरं?" दोन उपचारांत कोणता सरस हे खरोखरच माहीत नसेल तरच चिठ्ठी टाकणं योग्य ठरतं. एक उपचार चांगला आहे हे आधीच सिद्ध झालेलं असेल, तर तो द्यायचा, चिठ्ठी कशाला? त्यामुळे विचारायचा प्रश्न असा: "डॉक्टर, आम्ही यात आलो नाही तर आमच्या बाळाला तुम्ही काय कराल?" उत्तर स्पष्ट मिळालं पाहिजे. आणि "अभ्यासात गेलो की नवीन, भारी उपचार मिळणार" हे डोक्यातून काढून टाका. निम्म्यांना नेहमीचाच मिळतो, आणि नवीन म्हणजे चांगलं हे अजून ठरायचं असतं.

एक खरं उदाहरण घेऊ. शंट म्हणजे मेंदूतलं पाणी पोटात नेणारी बारीक सिलिकॉनची नळी, मध्ये पाणी किती वाहायचं ते ठरवणारा एक व्हॉल्व्ह. ही नळी जंतूंनी दूषित झाली तर ती काढायची, पाणी काही दिवस बाहेरच्या पिशवीत काढायचं, शिरेतून अँटिबायोटिक द्यायचं आणि मग पुन्हा नवा शंट. लहान बाळाला हे किती जड जातं ते सांगायला नको. म्हणून कंपन्यांनी अँटिबायोटिक मुरवलेल्या नळ्या काढल्या, चांदी मुरवलेल्याही काढल्या. दोन्ही महाग, दोन्ही ऐकायला छान. बॅसिक्स नावाच्या अभ्यासात युके आणि आयर्लंडमधल्या २१ केंद्रांत १,६०५ रुग्णांना, लहान-मोठे सगळे धरून, चिठ्ठीनं तीनपैकी एक नळी दिली. २०१९ मध्ये निकाल छापून आला. साध्या नळीत संसर्ग ६ टक्के, अँटिबायोटिकवाल्या नळीत २ टक्के, आणि चांदीवाल्या नळीत पुन्हा ६ टक्केच! चांदीबद्दल आपल्याकडे किती श्रद्धा. पण या कामात तिचा फरक पडला नाही. चिठ्ठी टाकली नसती तर अजून वाद चालला असता.

कधी "फरक नाही" हेही उपयोगी उत्तर असतं. युगांडात सहा महिन्यांच्या आतली १०० बाळं घेतली, सगळ्यांना जंतुसंसर्गानंतर डोक्यात पाणी झालेलं. काहींना शंट, काहींना दुर्बिणीतून पाण्याला नवी वाट करून देण्याचं ऑपरेशन. एका वर्षानंतर बौद्धिक वाढीच्या गुणांत लक्षात घेण्यासारखा फरक दिसला नाही. निकाल २०१७ चा. दुर्बिणीच्या ऑपरेशनात नळी राहत नाही, म्हणजे नळी तुंबायचा प्रश्न नाही; केलेली वाट मात्र पुन्हा बंद होऊ शकते. मोठ्या दवाखान्यापासून सहा तासांवर राहणाऱ्या घराला हे किती महत्त्वाचं आहे ते पेठ-सुरगाण्यातल्या माणसाला विचारा.

आता कागदांकडे वळू. नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नियम लागू आहेत. त्यात एथिक्स कमिटीत, म्हणजे अभ्यास रुग्णांसाठी योग्य आहे का हे तपासणाऱ्या समितीत, किमान ७ सदस्य लागतात, निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे, त्यात एक कायदा जाणणारा आणि एक सर्वसामान्य माणूस. माहितीपत्रकावर या कमिटीचा फोन नंबर असतो. तो दाखवायचा नाही असं कोणी म्हणालं तर तिथून उठायचं. भरलेल्या, सही झालेल्या संमतीपत्राची एक प्रत तुमच्या हातात मिळायलाच हवी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार बसवावा लागतो. अगदी नवा रेणू असलेलं औषध असेल आणि रुग्ण मूल असेल, तर संमतीच्या बोलण्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही करतात; कॅमेरा बघून घाबरू नका, तो तुमच्या बाजूचा आहे.

मुलाचंही मत घ्यायचं असतं. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते ११ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार, १२ ते १८ मध्ये लेखी. जोखीम जास्त आणि मुलाला थेट फायदा नाही असा अभ्यास असेल, तर आई आणि वडील दोघांची संमती लागू शकते. एकजण शेतावर आणि एकजण दवाखान्यात असेल तर दोन दिवस मागून घ्या. गठ्ठा घरी नेऊन वाचायचा हक्क तुमचा आहे. "आत्ताच सही करा" म्हणणं घाईच्या ऑपरेशनला ठीक. संशोधनाला सहसा नाही.

मोबाईलवर एक गोष्ट तपासा. भारतातल्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदणीत पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदवाव्या लागतात. नंबर असा असतो: सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि सहा आकडे. तो गठ्ठ्यावर असतो. साइटवर टाकला की कळतं कोणत्या दवाखान्यांत चालू आहे, कोणत्या एथिक्स कमिटीनं मंजुरी दिलीय, आणि मुख्य म्हणजे शेवटी काय मोजणार आहेत. त्यात तुमच्या दवाखान्याचं नाव नसेल तर कारण विचारा.

रक्त किती काढणार हेही विचारा. युरोपातल्या मार्गदर्शक तत्त्वांत मुलांच्या संशोधनासाठी मर्यादा आहे: एका वेळी शरीरातल्या रक्ताच्या १ टक्का, चार आठवड्यांत मिळून ३ टक्के. बाळाला किलोमागे साधारण ८० मिली रक्त असतं. ५ किलोच्या बाळात ४०० मिली झालं, म्हणजे एका वेळी ४ आणि महिन्यात १२ मिली. बारा म्हणजे दोन चमच्यांहून थोडं जास्त. संशोधनाचं आणि उपचाराचं रक्त एकाच सुईत काढता येईल का, हेही विचारा.

(मोजपट्टी हातात घेऊन)

फॉलो-अपमध्ये घेर मोजायला सांगतात, आणि चुका इथेच होतात. शिंप्याची जुनी टेप ताणली जाते, ती नको. न ताणणारी घ्या. पुढे भुवयांच्या वर, बाजूला कानांच्या वरून, मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग. वेणी, पिन, टोपी सगळं काढा. तीनदा मोजा, सगळ्यात मोठा आकडा लिहा, मिलिमीटरपर्यंत. पूर्ण दिवसांच्या बाळाचा घेर जन्मताना साधारण ३५ सेंटिमीटर, पहिले तीन महिने महिन्याला सुमारे २ नं वाढतो. त्यापेक्षा झपाट्यानं वाढला, टाळू फुगली, बाळ सारखं ओकतंय, सुस्त आहे, डोळे खाली झुकलेले दिसतायत, तर फॉलो-अपच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी निघायचं.

आणि ताप आला म्हणून निफाडच्या किंवा मालेगावच्या दवाखान्यात भरती केलंत, तर अभ्यासाचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटरला त्याच दिवशी फोन. भरती होणं ही 'गंभीर घटना' धरली जाते, आणि औषधांच्या चाचणीत डॉक्टरांना ती २४ तासांत कळवावी लागते. त्यांना माहीतच नसेल तर ते कळवणार काय? चाचणीमुळे इजा झाली तर नियमाप्रमाणे उपचार मोफत आणि वर भरपाईही मिळते. पण नोंदच नसेल तर सगळा वाद तुमच्या तोंडी शब्दावर चालतो. ऑपरेशनच्या अभ्यासात भरपाईचं कलम वेगळं असू शकतं, ते पान उघडून वाचा.

अभ्यास सोडायचा असेल तर कधीही सोडता येतो, उपचार थांबत नाहीत. टाकलेला शंट मात्र राहतो. सोडणं म्हणजे पुढची माहिती न देणं. पण नुसतं गायब होऊ नका. द्राक्षांच्या हंगामात पाच-सात घरं आलीच नाहीत की निकाल लंगडा होतो, आणि तो खर्च आणि ती बाळांची रक्तं वाया. गाडीभाड्याचे पैसे मिळतात का ते आधीच विचारा, तिकिटं जपून ठेवा.

शेवटचं, आणि हे फार जण चुकवतात. व्हॉल्व्ह बाहेरून कमी-जास्त करता येणारा असेल, तर एमआरआयच्या चुंबकानं त्याचं सेटिंग हलू शकतं. नाशकातच स्कॅन करून घेताना आधी सेंटरला सांगा की असा व्हॉल्व्ह आहे, शंटच्या कार्डावरचं व्हॉल्व्हचं नाव आणि सेटिंगचा आकडा दाखवा. स्कॅननंतर त्याच दिवशी तो आकडा यंत्रानं तपासून घ्यायचा असतो, आणि हे यंत्र सगळीकडे नसतं. म्हणून स्कॅनची वेळ ठरवण्याआधी न्यूरोसर्जनच्या दवाखान्याला फोन करा आणि तपासणार कोण, किती वाजता, हे ठरवूनच निघा.