पुढचं पुस्तक कुणी द्यायचं?

(मुंबईतल्या मराठी शाळांमधल्या शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. तुमच्यापैकी बरेच जण शाळा सुटल्यावर लोकल पकडून थेट इथे आला आहात, म्हणून प्रास्ताविक लांबवत नाही. मला दिलेल्या विषयाचे दोन भाग आहेत, विशेष बुद्धीची मुलं आणि शिक्षकाचा व्यावसायिक विकास. हे दोन्ही भाग मला मुलांच्या पुस्तकांपाशी एकत्र आलेले दिसतात. एखाद्या विषयात मुलाचं डोकं वर्गाच्या पुढे धावायला लागलं, की त्याच्या हातात पुढचं पुस्तक कुणीतरी द्यावं लागतं. आणि ते योग्य वेळी द्यायचं, तर देणाऱ्याने ते आधी वाचलेलं असावं लागतं.

आपल्याच मुंबईतली गोष्ट सांगते. साल १९०८ च्या आसपासचं. खेतवाडीत मामांकडे वाढणारा दहा-बारा वर्षांचा एक पोरका मुलगा. त्याने एअरगनने एक चिमणी पाडली आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नाही, मग कुठली? मामांना सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठवलं. एक इंग्रज साहेब, समोर कागदात गुंडाळलेली चिमणी घेऊन उभा असलेला बुजरा मुलगा. मिलर्ड यांनी चिमणी ओळखली. काम तिथेच संपलं असतं, पण त्यांनी संग्रहाचे खण एकामागून एक उघडून त्याला पेंढा भरलेले पक्षी दाखवले. पक्षी सोलून कसा टिकवायचा ते शिकवायची तयारी दाखवली. आणि ग्रंथालयातली काही पुस्तकं घरी न्यायला दिली. त्यांत ‘एहा’ या नावाने लिहिणाऱ्या एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचं मुंबईत नेहमी दिसणाऱ्या पक्ष्यांवरचं पुस्तक होतं. हा मुलगा म्हणजे पुढचे नामवंत पक्षितज्ज्ञ सालिम अली.

त्यांचं शाळेतलं प्रगतिपुस्तक मात्र कुणी पाहिलं असतं तर हा मुलगा नजरेत भरला नसता. डोकेदुखीमुळे शिक्षणात खंड पडला आणि १९१३ मध्ये ते मॅट्रिक जेमतेम पास झाले. मिलर्ड शिक्षक नव्हते, ते दारूचा व्यापार करणाऱ्या कंपनीत काम करत. पण त्या दिवशी ते जे वागले, तसं वागणं हे आपलं काम आहे असं मला अगदी मनापासून वाटतं. आणि त्यांनी निवडलेल्या पुस्तकाकडे नीट बघा. शास्त्रीय वर्णनांचा जाडजूड खंड दिला असता, तर बहुधा त्या मुलाने तो आठवड्याने मुकाट्याने परत आणून ठेवला असता. त्यांनी दिलं ते घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या पक्ष्यांवरचं, रसाळ भाषेत लिहिलेलं पुस्तक. ही निवड आपोआप होत नाही. त्यासाठी पुस्तकंही माहीत असावी लागतात आणि समोरचं मूलही.

आता चाचण्यांबद्दल थोडं. १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी बुद्ध्यंकाच्या आधारे मुलं निवडून आयुष्यभर त्यांचा अभ्यास करायचं ठरवलं. प्राथमिक निवड बरीचशी शिक्षकांनी सुचवलेल्या नावांतून झाली, मग चाचणी. त्या चाळणीतून खाली पडलेल्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ होते. पुढे शॉकली यांना १९५६ चं आणि अल्वारेझ यांना १९६८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेंझुली यांनी १९७८ मध्ये विशेष प्रतिभेची तीन वर्तुळं मांडली: सरासरीहून जास्त क्षमता, सर्जकता आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहणं. तिसरं वर्तुळ मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तासाभराच्या पेपरात ते दिसत नाही, पण वर्षभर वर्गात असणाऱ्या शिक्षकाला दिसू शकतं.

मुंबईत आणखी एक अडचण आहे. महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात आणि मराठी वर्गातल्या कित्येक मुलांची घरची भाषा पुस्तकातली मराठी नसते. अशा मुलाचा विचार भाषेच्या पुढे असतो, उत्तरपत्रिकेत मात्र अडखळलेली वाक्यंच दिसतात. शिक्षकखोलीत त्याला ‘आगाऊ’ नाहीतर ‘लक्ष नसलेला’ म्हणतात. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेबद्दल मला आदर आहे. विज्ञान शिक्षकांच्याच मंडळाने ती उभी केली आणि लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक, प्रकल्प, मुलाखत हे टप्पे ठेवले. पण त्या टप्प्यांची तयार उत्तरं घोटून घेणारे क्लास जेव्हा आईवडिलांना गाठतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

माझ्या वर्गात कोळीवाड्यातली एक मुलगी होती. सहावीत, गणितात बेताचेच गुण. पूर्णांक-अपूर्णांक चालू असताना तिने विचारलं, ‘बाई, आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पण मग पौर्णिमेला सव्वाअकराच का येतात? बारा यायला हवेत ना?’ तुम्हीही करून बघा. पंधरा तिथींची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. पण भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते आणि पंधरवड्यात बारा तासांचं चक्र पुरं होतं, म्हणजे हिशेब पाऊणपटीचा नाही, चारपंचमांशाचा आहे. पाऊणपट तोंडी करायला सोपी, होडीवर तेवढ्याने भागतं. त्या मुलीने घरातल्या पिढ्यान्पिढ्यांच्या ठोकताळ्यातली फट शोधली होती, तीही वर्तमानपत्रातल्या भरती-ओहोटीच्या वेळा रोज ताडून बघून. रेंझुलींचं तिसरं वर्तुळ म्हणजे हेच.

तिला द्यायला शाळेच्या कपाटात काही नव्हतं. चंद्र, समुद्र, पंचांग यांवरची मुलांसाठीची पुस्तकं मी दादरच्या दुकानांतून, ग्रंथालयांतून जमवली आणि आधी स्वतः वाचली. त्यातली काही फारच पातळ निघाली. तिला जे आधीच ठाऊक होतं तेच चित्रं घालून सांगणारी. ती बाजूला ठेवली. चंद्राच्या ओढीने पाणी एकाच वेळी पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना का फुगतं, हे मला त्या वाचनात पहिल्यांदा नीट कळलं. माझ्या सगळ्या नोकरीतल्या प्रशिक्षणांपेक्षा त्या वाचनाने मला विज्ञानाची शिक्षिका म्हणून जास्त घडवलं.

प्रशिक्षणाला माझा विरोध नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. त्याच धोरणात असंही म्हटलंय की, विशेष आवड आणि क्षमता असलेल्या मुलांना शिक्षकाने पूरक वाचनसाहित्य आणि मार्गदर्शन द्यावं. ही दोन कलमं एकत्र वाचायला हवीत. त्या ५० तासांतले दहा तास जरी आपण मुलांची पुस्तकं वाचून त्यांवर बोलण्यात घालवले, तर दुसऱ्या कलमाची सोय होते. बारा आणि चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर वरची वेतनश्रेणी मिळण्यासाठी जे प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्यात असा एकही तास मी पाहिलेला नाही, आणि हे बदललं पाहिजे.

साहित्याची तक्रार आता पूर्वीइतकी करता येणार नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी आहेत. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणारी पुस्तकं मराठीतही खुली ठेवली आहेत. स्टोरीविव्हरवर वाचनाच्या पातळ्या दिलेल्या असतात. नुकत्या वाचायला लागलेल्या मुलाला त्यांचा फार उपयोग होतो. पण झेपावणाऱ्या मुलाला ‘तुझी पातळी अजून दुसरी’ म्हणून अडवू नका. त्याला न झेपणारं पुस्तक तो स्वतःच खाली ठेवेल.

कथा-कवितांनाही हेच लागू आहे. विशेष बुद्धीचं मूल म्हटलं की आपण गणित-विज्ञानाकडेच बघतो. निबंधात पाठ केलेल्या सुविचारांऐवजी चाळीतल्या भांडणाचा हुबेहूब संवाद लिहिणाऱ्या मुलाला आपण लाल शाईने ‘विषय सोडून’ असा शेरा देतो. त्याला चांगली कादंबरी हवी असते, आणि तिच्यावर त्याच्याशी बरोबरीने बोलणारं मोठं माणूसही.

तेव्हा माझी तुम्हाला विनंती आहे. आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, पुढच्या शिक्षण परिषदेला येताना प्रत्येकाने या महिन्यात वाचलेलं मुलांचं एक पुस्तक आणावं आणि ते आपल्या वर्गातल्या कोणत्या मुलाला द्यायचं ठरवलंय, का ठरवलंय, ते पाच मिनिटांत सांगावं. केंद्रप्रमुखांशी मी बोलले आहे, अर्धा तास मिळेल. आणि शाळेच्या ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असेल, तर ती उद्याच मागून घ्या.