पंधराशे रुपये आणि एक पोतं काजू

(फिल्मचं पहिलं दृश्य. पडवी. सकाळचं कोवळं ऊन. राखेच्या वाटीत बुडणारी बोटं, जवळून.)

फेब्रुवारी संपत आलाय. समोर हिरव्या काजूबियांचा ढीग आहे. ही बाई बोटं राखेत बुडवते, बी पात्यावर उभी चिरते आणि आतला ओला गर अख्खा सोडवून पाण्यात टाकते. गर तुटला तर त्याला किंमत नाही. बाजारात हे काजूगर शेकड्यावर जातात. उसळ खाणाऱ्याला चव आठवते, सोलणाऱ्याच्या बोटांना मात्र चीक लागतो. काळे डाग उठतात, कातडी सुटते. राख लावली, खोबरेल लावलं, तरी सुटतेच.

हीच बोटं महिन्यातून एकदा, खात्यात आलेले सरकारी पैसे हातात यायला, एका छोट्या यंत्रावर टेकवायची असतात, आणि यंत्राने ती ओळखायची असतात.

रत्नागिरी जिल्ह्यातला हा दापोली तालुका. वाडीतून समुद्र दिसत नाही, पण संध्याकाळी वारा खारा लागतो. एसटी फाट्यापर्यंत येते, पुढची चढण पायी. घरात चार माणसं राहतात: सासू, सून, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. घरधनी बदलापूरला रात्रपाळीचा वॉचमन आहे. घराचं नाव आम्ही सांगत नाही. "गावात राहायचं हाय आमाला," एवढंच घरातली सून, आमच्या वहिनी, म्हणाल्या, आणि ते आम्हाला पटलं.

(सासूबाई, भिंतीला टेकून. मांडीवर पत्र्याचा डबा.)

बाहेरून येणाऱ्या पैशावर जगणं कोकणाला नवीन नाही. आजींचे यजमान परळच्या गिरणीत होते. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टमन चढण चढून यायचा, ओटीवर बसायचा, पाणी प्यायचा आणि मनीऑर्डरीचे पैसे मोजून द्यायचा. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी असायच्या. "मी खुशाल आहे. म्हशीला पेंड आणावी." आजींना वाचता येत नाही. पोस्टमननेच वाचून दाखवायचं. ते तुकडे त्यांनी अजून या डब्यात ठेवलेत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि परळमध्ये थांबलेल्या यंत्रांचा परिणाम या चढणीवर महिनाभरात दिसला. पोस्टमन येईनासा झाला. "तवा पैसं घ्यायला दुकानदाराच्या दारात पयल्यांदा गेलू," आजी सांगतात.

त्या दारातून हे घर पुढची चाळीस वर्षं पुरतं बाहेर आलं नाही. आमची ही फिल्म खरं तर त्या दाराबद्दल आहे.

(दुकानातली लाल कापडी बांधणीची वही. नावं दिसणार नाहीत अशी.)

उधारी म्हणजे काय, हे ज्याने केली नाही त्याला सांगणं कठीण. उधारीवर घेणारा भाव विचारत नाही. तेल कुठलं, तांदळात कणी किती, हे बघत नाही. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असेल तर तो बाजूला उभा राहतो, आणि दुकानदाराची नजर आपल्याकडे वळायची वाट बघतो. आम्ही भेटलो तो दुकानदार वाईट माणूस नव्हता. अडीनडीला त्याने या घराला मीठमिरची पुरवली आहे. पण मार्चमध्ये वही भरली की तोच म्हणतो, "काजू माझ्याकडेच घाला हां वहिनी." आणि काजू त्याच्याकडेच पडतो, तो सांगेल त्या भावाने, ऐन हंगामात, जेव्हा सगळ्यांचाच काजू बाजारात असतो आणि भाव पडलेला असतो.

झाडं त्यांची, राखण त्यांची, पडलेली बी वेचून वाकलेली कंबर त्यांची. थांबण्याची ताकद तेवढी त्यांची नव्हती. गरिबीचं इतकं उघडं रूप आम्हाला दुसरीकडे कुठे दिसलं नाही. वस्तू असते, बाजार असतो, आणि तरी चार आठवडे थांबता येत नाही.

(मोबाईलचा पडदा. मुलगी मेसेज वाचते.)

२८ जून २०२४ ला राज्याच्या अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. २१ ते ६५ वर्षांच्या बाईला, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर, महिन्याला १५०० रुपये. तिच्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या खात्यात. ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेच्या तोंडावर, पहिल्या दोन महिन्यांचे मिळून ३००० रुपये आले. आजी ६५ च्या पुढच्या, त्यांना ही योजना नाही. त्यांना श्रावणबाळ योजनेचे मिळतात. त्यासाठी तहसीलच्या किती खेपा झाल्या, ते त्या बोटं मोडून मोजतात आणि मध्येच सोडून देतात.

शेतकऱ्यांना वर्षाला ६००० रुपये देणारी पीएम किसान २०१९ मध्ये आली. या घराला ती मिळालेली नाही. सातबाऱ्यावर आजोबांचे चुलतभाऊ, त्यांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या मुली, अशी बावीस नावं आहेत. त्यातले निम्मे मुंबईत, काही हयात नाहीत, एकाचा पत्ताच नाही. कसणारी ही बाई, कागदावर मात्र ती कुठेच नाही. कोकणात सामायिक सातबारा घरोघरी आहे. जमिनीच्या कागदावरून मदत ठरवली, तर इथे घाम गाळणारं माणूसच गळतं. म्हणूनच बाईच्या नावावर थेट आलेल्या पैशाचं मोल आम्हाला जास्त वाटतं.

पहिले पैसे आले त्या संध्याकाळी बदलापूरहून फोन आला. आले का? किती आले? वहिनींनी सांगितलं. मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही. "मागतील असं वाटलं व्हतं. नाय मागितलं. म्हणालं, ठेव तुझ्याकडं." हे सांगताना त्यांनी पदर सारखा केला. लग्नाला सोळा वर्षं झालीत.

त्या ३००० चं काय झालं? मुलीला छत्री आली. तोवर दोघं भावंडं एकाच छत्रीत शाळेला जायची आणि दोघांचीही एकेक बाजू भिजायची. आजींचे डोळे तपासले. महिलांना एसटीचं तिकीट मार्च २०२३ पासून अर्धं झालंय, त्यामुळे दापोलीची खेप परवडली. एका डोळ्यात मोतीबिंदू निघाला. उरलेले वहीत भरले. वही बंद झाली नाही, पण पान उलटलं.

मग दर महिन्याला थोडं थोडं. रेशनचा तांदूळ जानेवारी २०२३ पासून फुकट आहे, म्हणून हे पैसे भातात जात नाहीत. ते डाळीत जातात, तेलात, अंड्यात. मुलीच्या सॅनिटरी पॅडमध्ये जातात. त्यासाठी आधी आजीच्या जुन्या लुगड्याचे तुकडे व्हायचे, आणि महिन्यातले दोन-तीन दिवस शाळा बुडायची. पॅडचं पाकीट दुकानात उधारीवर मागायला कोणती मुलगी जाईल?

(घराचं छप्पर. अर्धं कौलांचं, अर्धं पत्र्याचं.)

३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दापोली-मंडणगडमधून शब्दशः छपरं घेऊन गेलं. या घराची मागची पडवी उघडी पडली. पावसाळा डोक्यावर, आणि सगळा तालुका एकाच आठवड्यात पत्रे शोधत होता. मिळेल त्या भावाने, व्याजाने पैसे काढून पत्रे घातले. ते व्याज चार वर्षं चाललं. पुढच्या दारची कौलं मात्र दरवर्षी शाकारावी लागतात. फुटकी काढायची, सरकलेली परतायची. गेल्या वर्षी पहिल्यांदा शाकारणीची मजुरी रोख दिली आणि तीही पाऊस पडायच्या आधी.

केनियाच्या पश्चिम भागात गिव्हडायरेक्टली ही संस्था गरीब घरांना थेट मोबाईलवर रोख रक्कम पाठवते. तिथे झालेल्या अभ्यासात, पैसे मिळालेल्या घरांनी मोठ्या प्रमाणात काय केलं? गवताचं छप्पर काढून पत्र्याचं घातलं. गवत वरचेवर बदलावं लागतं आणि त्यात पैसा झिरपत राहतो. समुद्रापलीकडच्या त्या माणसांचं गणित आमच्या आजींना न समजावता समजेल.

फुकटचा पैसा दारूत जातो, असं शहरात बसून सहज म्हटलं जातं. आम्हीही ते ऐकत आलो. मध्य प्रदेशात २०११ मध्ये कष्टकरी बायकांच्या 'सेवा' संघटनेने युनिसेफच्या मदतीने आठ गावांत प्रत्येक माणसाला दरमहा रोख रक्कम दिली होती. मोठ्यांना २००, मुलांना १००, वर्षाने ३०० आणि १५०. मुलांचे पैसे आईच्या हाती. दारूचा खर्च वाढला नाही. पोरांचं वजन सुधारलं, शाळेतली हजेरी वाढली, बकऱ्या आल्या, कर्ज उतरलं. केनियातही दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला दिसला नाही. ज्याच्या घरात डाळ मोजून शिजते, त्याला पैशाची किंमत शिकवायला आपण कोण?

(पोस्टमन ओटीवर. छोटं यंत्र. आजींचा अंगठा.)

आता पोस्टमन पुन्हा या चढणीवर येतो, यंत्र घेऊन. आजींचा अंगठा लागतो. वहिनींचा लागत नाही. पुसून लावतात, फुंकर घालून लावतात, मग दुसरं बोट, मग तिसरं. काजूच्या हंगामात हे असंच. एकदा तीन आठवडे पैसे खात्यात होते आणि हातात येत नव्हते. त्यातून हप्त्याला ठरलेली तारीख नाही. मेसेज कधी पंधरवड्याला येतो, कधी महिना उलटल्यावर. आम्हाला याचा राग येतो आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. तारखेला येणारे पंधराशे आणि कधीतरी येणारे पंधराशे ही एकच रक्कम नाही. तारीख ठाऊक असेल तर बाई महिना आखते. नसेल तर पुन्हा त्याच दाराशी जाऊन उभी राहते.

आणि या पैशातून रस्ता होत नाही, दवाखान्यात डॉक्टर येत नाही. आजींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे.

"काय लिवलंय रे?" मेसेज आला की आजी नातवाला विचारतात. तो रक्कम वाचतो, खात्याचे शेवटचे चार आकडे वाचतो. आजी थोडं थांबतात, अजून काही असेल म्हणून.

(मे महिना. खळ्यात वाळत घातलेला काजू. लांबून टेम्पोचा हॉर्न.)

मेचा दुसरा आठवडा. बी चांगली खडखडीत वाळली आहे. वहिनी मूठभर उचलतात, कानाशी नेऊन हलवतात. खुळखुळ वाजलं पाहिजे. वाजतं.

फाट्यावर टेम्पो थांबलाय. वाडीतल्या बायका पोती घेऊन उतरतायत. व्यापाऱ्याचा माणूस वर येतो, खळ्याच्या कडेला उभा राहतो.

"वहिनी, तोलायचं काय?"

"आज काय भाव?"

तो सांगतो. वहिनी पोत्याचं तोंड सुतळीने बांधतात, गाठ ओढून बघतात.

"आज नको भाऊ. पाऊस यायच्या आधी या परत. बघू."