कॅपच्या कडेची निळी रेघ

भिंगाखाली ही एक उपदाढ आहे. वेड्यावाकड्या दातांना जागा करून देण्यासाठी ती काढली होती. प्रयोगशाळेत तिच्यावर कॅप बसवली, मग 5 आणि 55 अंशांच्या पाण्यात आलटून पालटून शेकडो वेळा बुडवली. गार पाणी, गरम चहा; तोंडात रोज हेच चालतं. शेवटी मेथिलीन ब्लूच्या निळ्या रंगात ठेवून उभी कापली.

आता कडेला पाहा. कॅप संपते तिथून निळी रेघ आत शिरली आहे. कापण्याआधी हीच कॅप ओढूनही हलत नव्हती! कॅप निघत नाही म्हणजे फट बंद आहे, असं नसतं. जीवाणूला एखाद मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची, वाट पुरते, आणि कॅपखाली लागलेली कीड बराच काळ कुणाला दिसत नाही.

ही फट भरायचं काम सिमेंटचं. सगळ्यात जुनं, अजूनही वापरात असलेलं झिंक फॉस्फेट. जाड, गार काचेवर पावडर चिमटी-चिमटीने द्रवात मिसळतात आणि पात्याने ऐसपैस पसरवत घोटतात, कारण मिसळताना ते तापतं आणि घाई केली तर हातातच आवळतं. थर 25 मायक्रॉनपेक्षा जाड नको, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. मात्र ते दाताला चिकटत नाही. खडबडीत पृष्ठभागाच्या खाचाखोचांत अडकून धरतं, आणि आम्ल लागलं की कडेने हळूहळू विरघळतं.

लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेतल्या ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी 1972 साली ग्लास आयोनोमर हे दुसरं सिमेंट जगासमोर मांडलं. हे दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक नातं जोडतं, वर फ्लोराइडही सोडतं. सुरुवातीच्या काही मिनिटांत ओल लागली, तर मात्र बिघडतं.

रेझिन, म्हणजे घट्ट होणारं प्लास्टिकसारखं द्रव्य; त्याच्या सिमेंटची वाट वेगळी. 1955 मध्ये अमेरिकेत मायकेल ब्युनोकोर यांनी इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरावर, फॉस्फोरिक आम्ल लावून रेझिन घट्ट धरून दाखवलं. इनॅमलवर ही पकड फार चांगली. पण कॅपची कड बऱ्याचदा हिरडीजवळ येते, तिथे इनॅमल संपलेलं असतं. उरतं ते डेंटिन, म्हणजे इनॅमलखालचा ओलसर थर. त्यात रेझिन घट्ट होताना आक्रसतं. रंग बहुतेकदा इथूनच आत जातो.

काढलेल्या दातावरचा प्रयोग म्हणजे तोंड नव्हे, तो वर्षं मोजून देत नाही. तरी ही रेघ पाहिल्यावर मला मनापासून वाटतं: सिमेंट कुठल्या कंपनीचं, हे विचारण्यापेक्षा दात कोरडा ठेवला का, हे विचारावं. लाळेचा एक थेंब महागडं सिमेंटही वाया घालवतो.

म्हणून हा कापूस, ही लाळ ओढणारी नळी, आणि "घट्ट चावून धरा" म्हटल्यावरची ती लांबलेली मिनिटं. सिमेंट आवळलं की डॉक्टर कडेचं जास्तीचं टवकून काढतात, गाठ मारलेला दोरा दोन दाढांमधून ओढतात. दोऱ्याला पांढरा चुरा लागेनासा झाला, की मगच खुर्ची सरळ होते.